कमी ऐकू येणं, कानाचं मशीन आणि कॉक्लिअर इम्प्लांट: मुंबईतल्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

मी मुंबईत ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाचं ऑपरेशन करणारी डॉक्टर नव्हे. किती ऐकू येतं ते मोजायचं, मशीन बसवायचं आणि पुढे त्या मशीनसह ऐकायला शिकवायचं, हे माझं काम. खालचे प्रश्न ओपीडीत येतात, फोनवर येतात आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवरही येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठलं मशीन घेऊ?’ माझा आग्रह असा की त्याआधी ‘घेतल्यावर काय काय करावं लागेल?’ हे विचारा. पैसे वाया गेलेली जी घरं मी पाहिली, तिथलं मशीन क्वचितच वाईट होतं.

बाळ दार आपटलं की दचकतं, थाळी वाजवली की वळून बघतं. मग तपासणी कशाला?

थाळीचा आवाज मोठा असतो, दार आपटलं की जमीन हादरते आणि बाळाला तुमची सावलीही दिसते. शिवाय अनेक मुलांना जाड, ढोबळ आवाज थोडेफार ऐकू येतात, पण बोलण्यातले बारीक, म्हणजे उंच पट्टीतले, आवाज अजिबात येत नाहीत. असं मूल थाळीला वळतं आणि बोलायला मात्र शिकत नाही. म्हणून घरच्या घरी केलेल्या परीक्षेवर विसंबू नका.

जन्मल्यावर पहिल्या महिन्यात ओएई ही चाचणी करून घ्यावी. बाळाच्या कानात छोटी प्रोब ठेवतात, काही मिनिटांचं काम, दुखत नाही. जगभर पाळला जाणारा क्रम असा: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलं असेल, कावीळ जास्त झाली असेल किंवा घरात कुणी लहानपणापासून बहिरं असेल तर सोबत आवाज मेंदूकडे पोहोचतो का हे पाहणारी बेरा चाचणीही करा. एनआयसीयूतून आलेल्या बाळांमध्ये कधीकधी कानाच्या पेशी ठीक असतात आणि बिघाड पुढे नसेत असतो. तिथे ओएई ‘पास’ येते आणि सगळे निर्धास्त होतात.

ओएईचा रिपोर्ट ‘रिफर’ आला. म्हणजे बाळ बहिरं आहे का?

नाही. ‘रिफर’ म्हणजे पुन्हा तपासा, एवढंच. कानात जन्माच्या वेळचा चिकट थर असला, बाळ रडत असलं तरी रिफर येतं. मात्र ‘पुन्हा बघू’ म्हणून घरी गेलेली मंडळी थेट दोन वर्षांनी उगवतात, हा आमचा नेहमीचा अनुभव. दुसऱ्यांदाही रिफर आला तर बेरा करून घ्या. बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज मेंदूकडे कितपत पोहोचतोय ते त्यात पाहतात. येताना बाळाला प्रवासात झोपू देऊ नका. ठाण्याहून परळपर्यंत लोकलमध्ये गाढ झोपलेलं बाळ ओपीडीत टक्क जागं असतं आणि तारीख पुढची मिळते.

सासूबाई म्हणतात, याचे बाबाही उशिरा बोलले. अजून थोडं थांबायला काय हरकत आहे?

याच वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऐकण्याचं केंद्र मेंदूत असतं आणि लहानपणी आवाज मिळाला तरच ते घडतं. मिळाला नाही तर ती जागा मेंदू हळूहळू दुसऱ्या कामांना देतो. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जन्मतः बहिऱ्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा विद्युत प्रतिसाद मोजला होता. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट (श्रवणनसेला थेट वीज देणारं, ऑपरेशनने बसवायचं उपकरण) झालेल्या मुलांमध्ये तो प्रतिसाद वयाला साजेसा होत गेला. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेकांमध्ये तो तसा झाला नाही. त्याआधी १९९८ साली क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या कोलोरॅडोतल्या कामातून दिसलं होतं की सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा, उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली असते.

तेव्हा बाबा उशिरा बोलले असतील, छानच. त्यांच्या मुलाची चाचणी तरीही याच आठवड्यात करा. रिपोर्ट नॉर्मल आला तर सासूबाईंना पेढे द्या.

माझ्यामुळे झालं का? गरोदरपणी मी ग्रहण पाहिलं होतं.

नाही हो. ग्रहणाचा आणि कानाचा काही संबंध नाही. हा प्रश्न मला फक्त आयाच विचारतात, बाबांनी एकदाही विचारलेला नाही. जन्मतः बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक केसेसमध्ये कारण जनुकीय असतं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा आई-बाबा दोघेही व्यवस्थित ऐकणारे असतात. दोघांकडे एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते आणि बाळाकडे दोन्ही बिघडलेल्या येतात. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. जीजेबी२ हे यातलं सर्वांत जास्त आढळणारं जनुक. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालतं, आणि अशा नात्यात दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय समुपदेशन घ्या. बाकी कारणांत गरोदरपणातला रुबेला आणि सीएमव्ही या विषाणूंचा संसर्ग, मेंदूज्वर, आणि जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं येतात.

कानामागचं मशीन पुरेल की इम्प्लांटच करावं लागेल?

मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, आवाज मोठा करून कानात सोडतं. पुढचं काम कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींनाच करावं लागतं. आतल्या कानात या पेशी जेमतेम पंधरा-सोळा हजार असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बऱ्याच शिल्लक असतील तर मशीन उत्तम चालतं. फारच थोड्या उरल्या असतील तर आवाज कितीही वाढवा, पोहोचतो तो नुसता गोंगाट. अशा वेळी इम्प्लांटचा विचार करायचा.

लहान मुलांना आधी काही महिने चांगली बसवलेली दोन्ही कानांची मशीनं देऊन बघतात. ‘चांगली बसवलेली’ याला इथे महत्त्व आहे. कुणाकडून आणलेलं जुनं मशीन, ढिला मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) आणि दिवसातून दोन तास वापर, ही काही ट्रायल नव्हे. एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. मेंदूज्वरानंतर बहिरेपण आलं असेल तर आतल्या कानात हाड भरायला लागू शकतं आणि मग इलेक्ट्रोड आत जातच नाही. तिथे आठवडे मोजून धावपळ करावी लागते.

इम्प्लांट नेमकं काय करतं? मेंदूचं ऑपरेशन आहे का?

मेंदूला हात लागत नाही. कानामागे छोटा छेद घेऊन हाडात जागा करतात आणि रिसीव्हर त्वचेखाली बसवतात. त्याची बारीक तार अडीच वेढ्यांच्या कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, सरकवतात. बाहेर कानावर प्रोसेसर असतो, त्याची चकती चुंबकाने डोक्याला चिकटते. प्रोसेसर आवाज पकडतो, त्याची उंच-खालच्या पट्ट्यांत विभागणी करतो, आणि तारेवरचे इलेक्ट्रोड श्रवणाच्या नसेला थेट वीज देतात. मेलेल्या केसपेशींना वळसा घातला जातो. कंपनीप्रमाणे इलेक्ट्रोड बारा ते बावीस असतात. निरोगी कानाच्या हजारो पेशींच्या जागी एवढेच! यावर बोलणं समजतं हेच मला अजूनही आश्चर्याचं वाटतं.

गाण्याचं मात्र अवघड. गणपतीच्या आरतीत इम्प्लांटवाली मुलं टाळ्या आणि झांजा बिनचूक वाजवतात, चाल पकडताना अडतात. ताल पोहोचतो, सूर नीट पोहोचत नाही.

शस्त्रक्रियेला साधारण दोन-तीन तास लागतात. चेहऱ्याची नस जवळून जाते, त्यामुळे सर्जन अनुभवी हवा. न्यूमोकोकलची लस आधी घेऊन ठेवावी, कारण इम्प्लांट असलेल्यांत मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो.

हे तंत्रज्ञान नवीन आहे का? मुलावर प्रयोग तर होत नाही ना?

नवीन अजिबात नाही. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणनसेला वीज देऊन आवाजाची जाणीव करून दिली. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस यांनी एका चॅनेलचं, म्हणजे आवाजाला एकच वाट असलेलं, इम्प्लांट पुढे नेलं. मग व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होकमायर यांनी १९७७ साली, आणि मेलबर्नमध्ये ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक चॅनेलचं इम्प्लांट बसवलं. क्लार्क यांचे स्वतःचे वडील कमी ऐकायचे. अमेरिकेत मुलांसाठी अनेक चॅनेलच्या इम्प्लांटला १९९० साली मान्यता मिळाली, आणि २०२० साली तिथली वयोमर्यादा नऊ महिन्यांपर्यंत खाली आली. बोलणं खरोखर समजू लागलं ते ब्लेक विल्सन यांनी १९९१ साली मांडलेल्या प्रोसेसिंगच्या नव्या पद्धतीनंतर. क्लार्क, इंगेबोर्ग होकमायर आणि विल्सन या तिघांना २०१३ साली वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईत इम्प्लांट शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव मोठं, २०१४ सालचे पद्मश्री.

रीलमध्ये इम्प्लांट चालू करताच बाळ हसतं. आमचं तर घाबरून रडलं. काही चुकलं का?

काही चुकलं नाही. ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी स्विच-ऑन करतात. जन्मापासून शांततेत राहिलेल्या मुलाला अचानक काहीतरी जाणवतं. कुणी रडतं, कुणी आईला बिलगतं, कुणी ढिम्म बसतं. त्या दिवशी आवाज मुद्दाम हळू ठेवलेला असतो. नंतरच्या मॅपिंगमध्ये एकेका इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची ते हळूहळू ठरवत नेतात. पहिल्या वर्षात मॅपिंगच्या बऱ्याच फेऱ्या होतात, पुढे कमी. रील बनवणारे हसलेलं बाळ टाकतात, रडलेलं टाकत नाहीत.

ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीला आठवड्यातून एकदा जातो. पुरेल का?

थेरपिस्टकडचा तास हा तुम्हाला शिकवण्यासाठी असतो, मुलाचं शिकणं उरलेल्या आठवड्यात घरी होतं. सुरुवात रोज सकाळी डॅनियल लिंग (Ling) या तज्ज्ञाच्या नावाच्या ‘लिंग साऊंड’ चाचणीने करा. मशीन लावलं की मुलाच्या मागे किंवा बाजूला बसा, ओठ दिसू देऊ नका, आणि नेहमीच्या आवाजात एकेक आवाज काढा: म्म्, ऊ, आ, ई, श्श्, स्स्. क्रम रोज बदला, मध्ये कमी-जास्त थांबा, नाहीतर मूल तुमच्या लयीवरूनच ओळखतं. लहान मूल आवाज आला की डब्यात ठोकळा टाकेल, मोठं मूल तोच आवाज परत काढेल. बोलण्यातल्या जाड आवाजापासून अगदी बारीक आवाजापर्यंतची सगळी पट्टी या सहांत येते. काल ‘स्स्’ येत होता आणि आज नाही, तर केबल, कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती), सेल तपासा आणि तरीही नाही आला तर आम्हाला फोन करा. दोन मिनिटांचं काम आहे. ते न करणाऱ्या घरात बंद पडलेलं मशीन चार-चार दिवस कानावर असतं आणि ‘मूल लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा मुलालाच बसतो.

बाकी वेगळा अभ्यास मांडू नका. भाजी निवडताना बोला, ‘मेथीची जुडी सोड, पानं खुड, देठ इकडे टाक.’ कुकरची शिट्टी झाली की बोट कानाकडे न्या, ‘ऐकलंस? शिट्टी!’ आधी ऐकू द्या, मग वस्तू दाखवा. आपण नेमकं उलटं करतो. टीव्ही बंद ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत पंखा, टीव्ही आणि लाद्यांवर घुमणारा आवाज एकत्र आले की इम्प्लांटवाल्या मुलाला आईचा आवाज वेगळा काढता येत नाही. आणि मशीन झोप-आंघोळ सोडून दिवसभर कानावर हवं.

घरात मराठी, शाळा इंग्रजी. थेरपीत एकच भाषा ठेवा असं सांगितलंय. कुठली?

जी तुम्हाला झोपेतून उठवलं तरी बोलता येते ती. मोडक्या इंग्रजीत ‘टेक द बॉल, गिव्ह द बॉल’ एवढंच बोलणाऱ्या आईपेक्षा मराठीत भांडणारी, लाड करणारी, गोष्ट सांगणारी आई मुलाला कितीतरी जास्त भाषा देते. वेळेवर इम्प्लांट झालेली मुलं दोन भाषा शिकू शकतात, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. पहिली भाषा पक्की होऊ दे, इंग्रजी मागून येते. ‘एकच भाषा’ हा सल्ला अजूनही सरसकट दिला जातो. मला तो पटत नाही.

खर्च किती? सरकारी मदत मिळते का?

उपकरणाचीच किंमत मॉडेलनुसार पाच-सहा लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत जाते. हॉस्पिटलचा खर्च वेगळा.

दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत मुलांसाठी इम्प्लांट मिळतं. २०१४ साली ते योजनेत आलं तेव्हा मर्यादा एका इम्प्लांटला सहा लाखांची होती. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी त्यात पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, म्हणून ‘अजून थोडं थांबू’चा फटका इथेही बसतो. या योजनेचं देशभरातलं काम वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्थेकडून चालतं. संस्था १९८३ची आहे, आपल्याच शहरात आहे, तरी चौकशीला येणारे अर्धे लोक तिचं नाव पहिल्यांदा ऐकतात. उत्पन्नाचा दाखला, आधार, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि सगळे मूळ रिपोर्ट एका फायलीत लावून जा. महापालिकेच्या नायर, केईएम आणि सायनच्या कान-नाक-घसा विभागांतही तपासणी आणि पुढचा सल्ला कमी खर्चात मिळतो. नायरला तर ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं कॉलेज साठच्या दशकापासून आहे.

आता न विचारला जाणारा प्रश्न. इम्प्लांट मिळालं, पुढे काय? वॉरंटी काही वर्षांनी संपते. केबल आणि कॉइल झिजतात, बॅटऱ्या उतरतात आणि बाहेरचा प्रोसेसर आठ-दहा वर्षांत जुना होतो. नवा घ्यायचा तर पुन्हा लाखांत जातो. आतला भाग बहुधा अनेक दशकं टिकेल या हिशेबाने बनवलेला असतो, खर्चाचं मूळ बाहेरच्या भागात आहे. एका घरी मी पाहिलं, मुलगी चौथीत होती, सुंदर बोलायची, आणि साध्या केबलसाठी पैसे नाहीत म्हणून दोन महिने काहीच न ऐकता शाळेत जात होती. म्हणून ऑपरेशनआधी कंपनीकडून लेखी घ्या: वॉरंटी किती वर्षं, केबल-कॉइलची आजची किंमत, मुंबईत सर्व्हिस सेंटर कुठे, दुरुस्तीच्या काळात पर्यायी प्रोसेसर मिळतो का, आणि जुन्या प्रोसेसरचे सुटे भाग किती वर्षं देणार. मग ठरलेल्या दिवशी दरमहा थोडे पैसे वेगळे टाकायला लागा.

दिव्यांग प्रमाणपत्र कुणाला मिळतं?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त श्रवणदोष असेल तर ‘बधिर’, ६० ते ७० असेल तर ‘कमी ऐकू येणारे’. सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. अर्ज दिव्यांग ओळखपत्राच्या, म्हणजे यूडीआयडीच्या, पोर्टलवर करायचा, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. शाळेतल्या मुलाचं नक्की काढा, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळायला उपयोगी पडतं.

बाबा म्हणतात, ‘ऐकू येतं, पण कळत नाही. तुम्हीच पुटपुटता.’ हे नाटक आहे का?

नाही, आणि बाबा अगदी बरोबर वर्णन करतायत. वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी बारीक आवाज जातात. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरदार असतात. स, श, फ, ख, ठ यांतले अर्थ वेगळा करणारे तुकडे बारीक आणि हळू असतात. स्वर येत राहतात, म्हणून ‘ऐकू येतं’. व्यंजनं गळतात, म्हणून ‘कळत नाही’. तुम्ही सांगितलं साठ रुपये, त्यांनी ऐकलं सात. मग घरात भांडण.

ओरडून उपयोग नाही. ओरडल्यावर स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. समोर या, उजेडात उभे राहा, आधी नाव घ्या, मग जरा सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य चौथ्यांदा म्हणण्याऐवजी शब्द बदला. स्वयंपाकघरातून मिक्सर चालू ठेवून हॉलमध्ये हाक मारणं बंद करा. हे घरातल्या सगळ्यांना पाळावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मशीन घेण्यापेक्षा लोकांना हेच जड जातं.

चष्मा लावला की लगेच दिसतं. मशीन लावून महिना झाला, बाबा काढूनच ठेवतात. असं का?

कारण चष्मा प्रतिमा नेमकी जागेवर आणतो आणि डोळ्याचं आतलं काम शाबूत असतं. इथे आतल्या पेशीच गेल्या आहेत, आणि मेंदूला कित्येक वर्षं बारीक आवाजांची सवय राहिलेली नाही. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज टोचतो, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला होतं, स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो. सुरुवात शांत खोलीत एका माणसाशी बोलण्यापासून करा, मग टीव्ही, मग बाजार, आणि लोकल सगळ्यात शेवटी. भर गर्दीच्या डब्यात चांगली मशीनंसुद्धा हात टेकतात. रोज अर्धा तास नातवाने पेपर मोठ्याने वाचून दाखवावा आणि आजोबांनी ऐकलेलं सांगावं, हा फुकटचा आणि फार गुणकारी व्यायाम आहे. महिन्यानंतरही त्रास होत असेल तर मशीन कपाटात ठेवू नका, सेटिंग बदलायला परत या. तीन-चार भेटी लागतातच, आणि त्या किमतीत धरलेल्या आहेत का हे घेण्याआधीच विचारायचं.

चार चॅनेलचं घेऊ की सोळा? एका कानाला पुरेल का?

दुकानदार चॅनेल, म्हणजे मशीन आवाजाचे जितके पट्टे वेगवेगळे हाताळतं ते, मोजून विकतो, कारण ते मोजता येतात. एका मर्यादेपुढे चॅनेल वाढवून समजण्यात फारसा फरक पडत नाही. साधं डिजिटल मशीन तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखाप्रमाणे, कानात बारीक नळी ठेवून मोजमाप घेऊन बसवलं तर ते अंदाजाने बसवलेल्या महागड्या मशीनला हरवतं. हे मोजमाप तुमच्याकडे होतं का, एवढं विचारा. बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही. बिलावर सिरीयल नंबर घ्या, आणि लक्षात ठेवा की श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही. दोन्ही कान सारखेच खराब असतील तर दोन मशीनं घ्यावीत, गोंगाटात आणि आवाजाची दिशा कळायला फायदा होतो. बजेट कमी असेल तर एका महागड्यापेक्षा दोन साधी बरी.

ऑनलाइन दोन हजारांत मिळतं ते चालेल?

ते ॲम्प्लिफायर असतं, सगळंच मोठं करतं, पंखाही. चाचणीशिवाय घेऊ नका. काही वेळा कानात नुसता मळ असतो आणि तो ईएनटीने काढला की पैसे वाचतात. काडी, पिन, लसूण घालून कढवलेलं तेल यांतलं काहीही कानात घालू नका. कान वाहत असेल तर पडद्याला भोक असू शकतं, आणि ते ऑपरेशनने बुजवता येतं.

पावसाळ्यात मशीन सारखं बंद पडतं.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे दुरुस्तीची रांग लागते. समुद्राची दमट हवा, घाम आणि छत्रीतून गळणारं पाणी, तिन्ही मशीनचे शत्रू. रात्री मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, सेलचं दार उघडं ठेवून. निळे दाणे गुलाबी झाले की दमले समजायचं, बदला किंवा वाळवा. मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले तर फुंकणीने काढा, हेअर ड्रायर लावू नका. सेल हवेवर चालतात, स्टिकर काढला की सुरू होतात, परत चिकटवून वाचत नाहीत. स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मग आत घाला. स्टिकरचा रंगच मापाची खूण असतो: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. आजोबांना नंबर लक्षात राहत नाही, रंग राहतो.

मशीन लावलं नाही तर स्मृतिभ्रंश होतो म्हणे?

इतकं सरळ नाही. कमी ऐकू येणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसतं हे अनेक अभ्यासांत आलं आहे. मशीनने तो टळतो का, हा वेगळा प्रश्न. २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक तीन वर्षं पाहिले. सगळे मिळून बघितलं तर मशीन आणि समुपदेशन मिळालेल्या गटात बुद्धीची घसरण कमी झाली असं दिसलं नाही. मात्र ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. म्हणून भीती घालून मशीन विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सुनेशी, नातवंडांशी बोलता येतं आणि कट्ट्यावरच्या मित्रांत बसता येतं, मशीन घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

सकाळी उठलो तर एका कानाने ऐकूच येत नाही. सर्दीने असेल?

असेलही, पण वाट पाहू नका. आजच्या आज ईएनटीकडे जा आणि ऑडिओग्राम करायला सांगा. नस अचानक बसली असेल तर स्टिरॉइडचा उपयोग जितक्या लवकर तितका जास्त, दोन आठवड्यांनंतर तो झपाट्याने कमी होतो. कानात थेंब घालून आठवडा काढलेले रुग्ण पाहिले की वाईट वाटतं.

ढोल-ताशा पथकात आहे. कान खराब होतील का?

सुरक्षित मानली जाणारी मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आवाज फाउंडेशन ही संस्था मुंबईतल्या सणांचा आवाज कित्येक वर्षं मोजतं आहे आणि शंभराच्या वरचे आकडे त्यात नवीन नाहीत. पथक सोडा असं मी म्हणणार नाही, ऐकणारही नाही कुणी. फोमचे इअरप्लग घाला, मध्ये विश्रांती घ्या, आणि सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समजा. कापसाचा बोळा काही अडवत नाही.

सांकेतिक भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही ना?

असं होत नाही. मूल कुठल्याही भाषेविना वाढणं हा खरा धोका आहे. इम्प्लांट उशिरा झालं, श्रवणाची नसच नाही, किंवा घरच्यांना ऑपरेशन नकोच आहे, अशा मुलांना भारतीय सांकेतिक भाषा लवकर मिळाली पाहिजे. इम्प्लांट असलेल्यालाही प्रोसेसर काढल्यावर ती उपयोगी पडते. ‘हातवारे केले की हरलो’ असं पालकांना सांगणारे लोक आमच्याच क्षेत्रात आहेत. लोकलच्या फलाटावर भराभर हात चालवत खिदळणारी तरुण मंडळी पाहिली आहेत ना? त्यांचं काही हरलेलं नसतं.

जीन थेरपी येतेय, तोवर थांबू का?

थांबू नका. २०२४च्या जानेवारीत शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या गटाने सहा मुलांवरचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये दिले आणि त्यांतल्या पाच जणांचं ऐकणं सुधारलं. बातमी मोठीच आहे. पण ही थेरपी ओटीओएफ या एकाच जनुकाच्या बिघाडावर आहे आणि जन्मतः बहिऱ्या मुलांतला अगदी छोटा हिस्सा त्यात बसतो. जनुकीय चाचणी करून ठेवा आणि रिपोर्ट जपा. त्याच वेळी ऐकू येण्याची आज असलेली सोय चालू करा.

एमआरआय, विमान, होळी, पोहणं?

एमआरआयआधी इम्प्लांटचं कार्ड दाखवा. नवी मॉडेलं चुंबक न काढता चालतात, जुन्यांत तयारी लागते. विमानतळावरही तेच कार्ड. होळीला प्रोसेसर घरीच ठेवा, फुगा नेमका कानावर बसतो. पोहायला कव्हर मिळतं. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते, आधी प्रोसेसर काढा.

आजोबा गेले. त्यांचं मशीन दुसऱ्याला देता येईल?

श्रवणयंत्र देता येतं. नव्या माणसाची चाचणी करून ते पुन्हा प्रोग्रॅम करायचं आणि मोल्ड नवा करायचा. तसंच्या तसं दुसऱ्याच्या कानात घालू नका. चालू अवस्थेतली मशीनं गरजूंसाठी घेणाऱ्या संस्था आणि सरकारी विभाग आहेत, जवळच्या ऑडिओलॉजिस्टला विचारा. देण्याआधी सेल काढून ठेवा, महिनोन्महिने आत राहिला तर तिथेच गळतो.